पुण्यात गाडीतळाच्या पुढे: हडपसर, फुरसुंगी, मांजरी, लोणी पट्ट्यात चांगलं जेवण कुठे मिळतं?

भेकराईकर:
पाहुणे आले की आमच्याकडे "कॅम्पात जाऊ या की डेक्कनला?" सुरू होतं. रविवारी संध्याकाळी सोलापूर रोडवरून तिकडे पोचेपर्यंत पोरं पेंगायला लागतात, भूक मरते, आणि इकडे आपल्याच चौकात ज्वारीची भाकरी तव्यावरून निखाऱ्यावर जाऊन टम्म फुगत असते. हे मला मनापासून खटकतं. म्हणून हा धागा काढला आहे.

आधी हद्द सांगतो. गाडीतळापासून सासवड रोडने भेकराईनगर, फुरसुंगी, मंतरवाडी, उरुळी देवाची, वडकी. सोलापूर रोडने पंधरा नंबर चौक, मांजरी, शेवाळवाडी, कदमवाकवस्ती, लोणी काळभोर. मगरपट्टा आणि अमानोरातली हॉटेलं इथे नकोत, त्यांची माहिती कुठेही मिळते.

मला वाटतं, आपल्या भागाची चव गाडीतळावरच्या फाट्याने ठरवली आहे. सोलापूर, धाराशिव, लातूरकडची माणसं एसटीने आली, शहर सुरू होतं तिथेच उतरली, औद्योगिक वसाहतीत कामाला लागली आणि जवळच खोल्या घेऊन राहिली. त्यांच्यामागून ज्वारी, शेंगदाणा आणि काळा मसाला आला. सासवड रोडने पुरंदरची माणसं आली, त्यांच्याबरोबर बाजरी, मटार, अंजीर, सीताफळ आलं. म्हणून इथे जेवायला बसताना पाटी वाचण्यापेक्षा मालकाला "गाव कुठलं?" हे विचारा. तो आनंदाने सांगतो आणि काय मागवायचं ते आपोआप कळतं.

एक विनंती. पाट्या बदलतात, जागा बदलतात, चालवणारे बदलतात. तेव्हा नावापेक्षा खूण, वेळ आणि नेमका पदार्थ लिहा. नुसतं "एकदम भारी" लिहून कुणाचं पोट भरत नाही.

माझ्याकडून सुरुवात: हडपसरच्या भाजी मंडईच्या आसपास सकाळी सातच्या आत जा. माल उतरवून झाल्यावर हमाल ज्या गाडीभोवती उभे असतात, तिथेच पोहे खा. त्यांना अर्धं रिकामं पोट आणि गार पोहे चालत नाहीत, त्यामुळे पातेलं सतत नवं चढतं. नऊनंतर तीच गाडी साधारण होते.

उमरगेकर:
धाग्याबद्दल आभार. गाव विचारायचा मुद्दा शंभर टक्के पटला. मी मूळचा उमरग्याचा, त्यामुळे मटणावर जरा सविस्तर लिहितो. हल्ली प्रत्येक ताटाला "गावरान" म्हणतात आणि त्यात आमच्याकडची मूळ चव हरवत चालली आहे, याचं वाईट वाटतं.

आमच्याकडे मटण आधी हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवतात. त्याचं वरचं पाणी काढून ठेवतात, तोच अळणी रस्सा. त्यात तिखट नसतं, मीठ असतं. मग उरलेल्या मटणाला काळा मसाला लागतो, आणि रस्सा दाट करायला येसर. ज्वारी किंवा बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने वगैरे भाजून दळलेलं ते पीठ असतं, प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं. येसराचा रस्सा भाकरीला धरून राहतो. काजू किंवा मगजाची पेस्ट घातलेला रस्सा गोडसर लागतो आणि तोंडात चिकटतो. एकदा फरक कळला की दुसरा रस्सा नकोसा होतो.

ओळखायचं कसं? बसल्यावर आधी फक्त अळणी मागवा. अळणीत लपवायला जागा नसते. मटण ताजं नसेल, जास्त पाणी ओतलं असेल, तर पहिल्याच घोटाला कळतं. अळणी चांगला असेल तर बाकीचं ताट डोळे मिटून सांगा. जिथे अळणी "संपला" असं दुपारी एकला सांगतात, तिथे तो बहुधा केलेलाच नसतो.

जागा: पंधरा नंबरवरून मांजरीच्या बाजूला वळलात की पत्र्याच्या शेडमधल्या दोन-तीन खानावळी लागतात. त्यातल्या ज्या दारात ज्वारीचं पोतं आणि बाहेर एसटीचे चालक-वाहक दिसतील, ती आमच्याकडची. मंगळवार, बुधवार, शुक्रवार, रविवार मटण. दुपारी साडेबाराला जा. दोननंतर सुकं राहतं, पण भाकरी थापणारी बाई उठलेली असते आणि मग गार भाकरी गरम करून देतात.

चवदार_मंतरवाडी:
उमरगेकर, येसरावर लिहिलंत हे छान झालं. माझ्या सासूबाई लातूरच्या, त्या येसराची आमटी करतात. मला ती मटणापेक्षा आवडते.

एक शंका. सासवड रोडला आता दर शंभर पावलांवर "चुलीवरचं" अशी पाटी आहे. यातलं खरंच चुलीवरचं किती?

उमरगेकर:
चवदार_मंतरवाडी ताई, मागच्या बाजूला चक्कर मारा. लाकडं रचलेली, पत्रा काळा झालेला आणि स्वयंपाक करणारी व्यक्ती डोळे पुसत असेल, तर खरं. पण चुलीचा इतका बाऊ करू नये असं माझं मत आहे. भाकरीला चुलीने नक्की फरक पडतो, कारण ती शेवटी निखाऱ्यावर शेकली जाते. रश्श्याला मसाला आणि वेळ लागतो, तो गॅसवरही चांगला होतो. मसाला विकतचा असेल तर चूल काय करणार?

पेठेतला_पाहुणा:
सगळ्यांचा मान राखून वेगळं मत मांडतो. मांसाहारासाठी तुमचा भाग चांगला असेल, पण सकाळच्या नाश्त्याला शहरासारखं काही नाही. मिसळ खायची तर पेठेतच यावं लागतं. माझी बहीण फुरसुंगीला राहते, तिच्याकडे आलो की न्याहारीला कुठे जायचं हा प्रश्न पडतोच.

भेकराईकर:
पाहुणे, पेठेतली मिसळ पेठेतच खावी हे मान्य. तिच्यातले पोहे, बटाट्याची भाजी, सौम्य रस्सा हा तिथला घाट आहे, तो इथे शोधू नका. इकडच्या गाड्यांवर मटकी कमी आणि कट जास्त असतो, तिखटही जास्त. त्याऐवजी बहिणीला घेऊन सकाळी भेकराईनगरच्या बस डेपोच्या आसपास जा. पहिल्या पाळीच्या चालक-वाहकांसाठी तिथे पहाटेपासून चहा, वडापाव आणि खमंग कांदाभजी असतात. वडा तळून परातीत ठेवलेला घेऊ नका, कढईतून निघेपर्यंत थांबा. सोबतची तळलेली मिरची मिठात घोळवलेली असते, ती सोडू नका.

पण खरी न्याहारी हवी असेल तर धपाटे शोधा. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, कणीक, तीळ, ओवा, लसूण, हिरवी मिरची, ओल्या फडक्यावर थापून तव्यावर टाकलेले. सोबत घट्ट दही आणि शेंगा चटणी. गाडीतळाच्या मागच्या गल्ल्यांत घरगुती डबे देणाऱ्या बायका आदल्या दिवशी सांगितलं तर करून देतात. कुठल्याही किराणा दुकानात विचारा, पत्ता लगेच मिळतो.

मांजरीची_लेक:
शेंगा चटणीचं नाव निघालं म्हणून लिहिते. बरेच जण कोरडा शेंगदाणा कूट आणि तिखट मिसळून चटणी म्हणून विकतात. खरी सोलापुरी चटणी उखळात कुटलेली असते. कुटता कुटता दाण्याला तेल सुटतं आणि चटणीचा गोळा वळला जातो. चिमूट बोटांत दाबून बघा, बोटं तेलकट झाली पाहिजेत आणि चटणी सुटी न पडता दबून राहिली पाहिजे. गाडीतळाच्या परिसरात सोलापूरचा माल ठेवणारी छोटी दुकानं आहेत. तिथे कडक भाकरीही मिळते. ही पापडासारखी पातळ, वाळवलेली ज्वारीची भाकरी, बरेच दिवस टिकते. दह्यात किंवा आमटीत चुरून खायची. वसतिगृहातल्या मुलांना पाठवायला यापेक्षा चांगलं काही नाही.

आणि शाकाहारी लोकांनी हिरमुसायचं कारण नाही. शेंगदाण्याचा म्हाद्या मागा. दाण्याच्या कुटाची घट्ट भाजी, वर तेलाचा तवंग. ताटात नसतो, वेगळा सांगावा लागतो, कारण मालकांना वाटतं शहरातल्या गिऱ्हाइकाला पनीरच हवं. आपणच मागितलं नाही तर हे पदार्थ पाटीवर येणार कसे?

लोणीचा_विद्यार्थी:
मी लोणी काळभोरला शिकायला आहे. आमच्यासाठी मेस हाच आधार. अनुभवावरून थोडं सांगतो, नवीन येणाऱ्या मुलांना उपयोग होईल.

महिन्याचे पैसे आधी देऊ नका. पहिले चार-पाच दिवस सुट्टं ताट घ्या. दोन भाज्या, पोळ्या, वरण-भात सगळीकडेच असतात. बघायचं ते वरण. डाळ घोटलेली असेल, फोडणीत लसूण-जिरं दिसत असेल, तर ती मावशी मनापासून करते. बहुतेक मेस रविवारी रात्री बंद असतात. त्या रात्री आम्ही महामार्गालगतच्या ढाब्यावर जातो. लोणीला पेट्रोलियम कंपन्यांचे डेपो असल्यामुळे टँकरवाल्यांची सतत ये-जा असते आणि त्यांच्यासाठी ढाबे उशिरापर्यंत चालतात. दालफ्राय, तंदुरी रोटी, कांदा. स्वस्त आणि गरम. तिथे मराठी पदार्थ मागवू नका, जे त्यांना येतं तेच खा.

रात्रपाळी:
उशिराचं म्हणाल तर गाडीतळाच्या आसपास रात्री अकरानंतर भुर्जीच्या गाड्या. दुसरी पाळी सुटली की आम्ही तिथेच. कांदा बारीक, मिरची भरपूर, अंडं पूर्ण सुकवू नका असं सांगायचं. पाव तव्यावरच्या त्याच तेलात भाजून घ्यायचा. एवढंच, पण थकलेल्या माणसाला त्या वेळी दुसरं काही नको असतं.

वडकीची_वाट:
मी जरा वेगळा प्रश्न मांडते. वडकीला साड्या घ्यायला लांबून बायका येतात, दिवसभर दुकानं फिरतात. त्यांना जेवायला चांगली जागा सुचवताना चवीइतकीच स्वच्छतागृहाची चौकशी करावी लागते. पुष्कळ खानावळींत चव उत्तम आणि मागे काहीच सोय नाही. बायका-मुली मग पाणीच पीत नाहीत. कृपया ठिकाण लिहिताना ही माहिती द्या.

मला मंतरवाडी चौकाच्या अलीकडे, उरुळीच्या बाजूला एक शाकाहारी जागा सोयीची वाटली. वर पत्रा, खाली स्वच्छ फरशी, मागे वेगळं स्वच्छतागृह, आणि आत एक काकू स्वतः भाकरी करतात. त्यांना थापताना पाहायला मी मुद्दाम आतल्या बाजूला बसते. पीठ उकळत्या पाण्यात नाही, कोमट पाण्यात मळतात, आणि एका वेळी एकाच भाकरीपुरतं. तळव्याच्या कडेने फिरवत मोठी करतात, मग तव्यावर टाकून वरच्या अंगाला पाण्याचा हात. पाणी सुकायच्या आत उलटली तर पापुद्रा येत नाही, उशीर झाला तर कड फाटते. बोलता बोलता हे सगळं चाललेलं असतं. तिथे थंडीत बाजरीची भाकरी, लोणी, वांग्याचं भरीत. श्रावण-भाद्रपदात पुरंदरचा मटार आला की उसळ, ती नक्की घ्या. ताजा मटार असल्यामुळे रस्सा मुळातच गोडसर होतो.

आणि हंगामाचं: उन्हाळ्याच्या सुरुवातीला सासवड रोडच्या कडेला टोपल्यांत अंजीर दिसतात. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. देठाशी थोडं पिचलेलं, सालीला बारीक चिरा पडलेलं फळ घ्या, ते पिकलेलं असतं. गुळगुळीत, कडक, सुंदर दिसणारं घरी नेऊन पिकत नाही. पावसाळ्यापासून पुढे सीताफळं.

भेकराईकर:
वडकीची_वाट ताई, फार महत्त्वाचं लिहिलंत. इथून पुढे सगळ्यांनी ठिकाणाबरोबर ही सोय आहे की नाही ते लिहावं.

कवडीपाटकर:
माशांबद्दल कुणीच लिहिलं नाही! समुद्र लांब असला तरी सोलापूर रोडवर उजनी धरणाचं पाणी आहे. त्या पाण्याकाठच्या भिगवणला जायला वेळ नसेल तर लोणीच्या अलीकडे-पलीकडे उजनीचे मासे करणारे ढाबे आहेत. चिलापी तळलेली घ्या, अख्खी, चिरा पाडून मसाला भरलेली. रस्सा मरळीचा. मरळ महाग पडते, म्हणून आधी वजन आणि भाव विचारा आणि मासा दाखवायला सांगा. जो मालक मासा दाखवायला कुरकुरतो, तिथून उठावं. सकाळी कवडीपाटला नदीकाठी पक्षी बघायला येणाऱ्या मंडळींनी परत जाताना दुपारचा बेत इथे करावा.

उमरगेकर:
हिवाळ्याचं एक राहिलं. मार्गशीर्षातल्या अमावस्येला, म्हणजे वेळ अमावस्येला, आमच्याकडे शेतात जाऊन जेवायचं असतं. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, खीर. भज्जीत ओली तूर, हरभरा, वाटाणा, वाल, पातीचा कांदा, शेंगदाणे, हाताला लागेल ती पालेभाजी, आणि बेसन. हॉटेलात हे मिळत नाही आणि मिळू नये असंही वाटतं, कारण ते पंगतीचं जेवण आहे. पण इथल्या लातूर-धाराशिवच्या कुटुंबांत त्या दिवशी मोठं पातेलं चढतं. शेजारी तिकडचं कुणी असेल तर आठवडाभर आधी नुसतं विचारा, "यंदा भज्जी करणार का?" तुम्हाला पानावर बसवल्याशिवाय सोडणार नाहीत. मी हे खात्रीने सांगतो.

त्याच सुमाराला हुरडा. डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीभर लोणी, उरुळी कांचनच्या शेतांत आणि सासवडच्या बाजूला आगट्या पेटतात. गुळभेंडी ज्वारी असेल तरच जा. जिथे हुरड्यापेक्षा झोपाळे, डीजे आणि पोहण्याचा तलाव यांची जाहिरात जास्त, तिथे हुरडा मूठभर मिळतो. गोवऱ्यांच्या आरात कणसं खुपसून भाजलेली, लगेच हातावर चोळलेली, फुंकर मारून कोंडा उडवलेला आणि जिभेला चटका बसेल इतका गरम, तोच हुरडा. गार झाला की चिवट होतो, म्हणून भाजणाऱ्याच्या शेजारी बसा, लांबच्या टेबलावर नको.

मांजरीची_लेक:
आणि आषाढी वारीचं कसं विसरलात! दोन्ही पालख्या हडपसरपर्यंत एका रस्त्याने येतात. इथून माउलींची पालखी दिवेघाटाने सासवडला जाते, तुकोबांची लोणी काळभोरला मुक्काम करून पुढे यवतला. यवतला गावकरी घराघरांतून भाकऱ्या गोळा करतात, मोठमोठ्या कढयांत पिठलं शिजतं आणि सगळी दिंडी जेवते. शक्य असेल त्याने तिथे सेवेला जावं, निदान भाकऱ्या पाठवाव्यात. त्या दिवशी हडपसरमध्ये रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चहा, केळी, खिचडी, राजगिऱ्याचे लाडू वाटप असतं. आम्ही घरचे सगळे पहाटे उठून पोहे करतो. गाड्या बंद असतात, चालतच यावं लागतं.

चवदार_मंतरवाडी:
मांजरीची_लेक, वाचून अंगावर काटा आला. यंदा भाकऱ्या नक्की देणार.

माझा शेवटचा प्रश्न. या रविवारी वडील येताहेत, ऐंशीच्या पुढचे, दात फारसे नाहीत, तिखट सोसत नाही. पण मटण खायची त्यांची फार इच्छा आहे. पंधरा नंबरच्या त्या खानावळीत नेऊ का?

उमरगेकर:
जरूर न्या, ताई. शनिवारी संध्याकाळी जाऊन सांगून या, "वडील येणार आहेत, नरम पीस बाजूला काढून ठेवा, मसाला नको." ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरताच मागून घ्या, पापुद्रा काढून टाका, आतला भाग वाटीत कुस्करा आणि त्यावर गरम अळणी ओता. दोन मिनिटं झाकून ठेवा. चावायला काहीच लागत नाही. वर लिंबू पिळा. भात मागवला तर इंद्रायणी आहे का विचारा, तो मऊ असतो.

बाराला पोचा, गर्दी साडेबारानंतर होते. आत खुर्च्या कमी आणि बाकं जास्त आहेत, तेव्हा भिंतीकडची बाजू धरा म्हणजे त्यांना पाठ टेकता येईल. स्वच्छतागृह आहे, पण एक उंच पायरी आहे, हात धरावा लागेल. गाडी आतल्या गल्लीत लावू नका, अडकते. बाहेर मुख्य रस्त्याला त्यांना उतरवून मग पुढे लावा.